अर्ज ते कायम नेमणूक : अतिशीत अणूंच्या प्रयोगशाळेतली पावणेआठ वर्षे

१८ जून २०२४ रोजी माझी विद्यापीठातली नेमणूक कायम झाल्याचे पत्र हाती आले. या नोकरीच्या शोधातला पहिला अर्ज मी ऑक्टोबर २०१६ मध्ये पाठवला होता, म्हणजे मध्ये पावणेआठ वर्षे गेली. या काळात मी नोकरी शोधली, एका रिकाम्या खोलीत अतिशीत अणूंची प्रयोगशाळा उभी केली आणि त्या प्रयोगातून पहिला शोधनिबंध निघेपर्यंत वाट पाहिली. जे विद्यार्थी आणि पोस्टडॉक (पीएच.डी.नंतर ठरावीक काळासाठी काम करणारे संशोधक) आज या वाटेच्या तोंडाशी उभे आहेत, त्यांना कोणत्या टप्प्याला किती वेळ लागतो, कोठे कागद अडतो आणि कोठे यंत्र अडते हे आधी कळावे, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मला स्वतःला त्या वेळी असे काही वाचायला मिळाले असते, तर काही रात्री तरी शांत झोप लागली असती.

आधी विषयाबद्दल थोडे. खोलीच्या तापमानाला रुबिडियमचा अणू सेकंदाला सुमारे ३०० मीटर वेगाने धावतो. लेसरच्या प्रकाशाने आणि नंतर बाष्पीभवनाने थंड करत करत त्याला केल्विनच्या एक कोट्यांश भागापर्यंत आणले की हा वेग सेकंदाला काही मिलिमीटर इतकाच उरतो, आणि पुरेशा दाटीने एकत्र असलेले अणू एकाच क्वांटम अवस्थेत गोळा होतात. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइन यांना पाठवलेल्या निबंधापासून ज्या कल्पनेची सुरुवात झाली, ते हे बोस-आइन्स्टाइन संघनन. एरिक कॉर्नेल आणि कार्ल वायमन यांच्या गटाने ते बोल्डर येथील जिला या संस्थेत ५ जून १९९५ रोजी रुबिडियममध्ये प्रथम पाहिले. अशा संघननावर समोरासमोरून लेसरकिरण सोडले की प्रकाशाची जाळी तयार होते, आणि तिच्या खळग्यांत बसलेले अणू स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांसारखे वागू लागतात. जे गणित संगणकाला झेपत नाही ते अणूंकडूनच करवून घ्यायचे, याला क्वांटम सिम्युलेशन म्हणतात. ही अतिशयोक्ती नव्हे. दोनच अवस्था असणाऱ्या केवळ ५० कणांची क्वांटम अवस्था पूर्णपणे लिहून काढायची, तर २ चा ५० वा घात, म्हणजे अकराशे लाख कोटींहून अधिक आकडे साठवावे लागतात. रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मधील व्याख्यानात नेमके यावरच बोट ठेवले होते.

माझी पीएच.डी. सहा वर्षे चालली, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये पोस्टडॉकचे तिसरे वर्ष सुरू होते. दोन्ही ठिकाणी मी आधीच चालू असलेल्या यंत्रावर काम केले होते. याचा अर्थ मला तेव्हा नीट कळला नव्हता. चालू यंत्र चालवणे, बिघडले तर दुरुस्त करणे आणि मुळात ते उभारणे ही तीन वेगळी कौशल्ये आहेत, आणि तिसऱ्याची परीक्षा माझी अजून व्हायची होती. जे आज पीएच.डी. करत आहेत, त्यांनी गटात नवा निर्वात कक्ष (ज्यातली हवा काढून टाकतात ते पोलादी भांडे) जोडला जात असेल किंवा जुना उघडला जात असेल, तेव्हा आपला प्रयोग महिनाभर मागे पडला तरी तेथे हजर राहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

पहिल्या हंगामात मी १४ अर्ज केले, दोन ठिकाणांहून मुलाखतीचे बोलावणे आले आणि नोकरी कोठेच मिळाली नाही. प्रत्येक अर्जात साधारणपणे निवेदनपत्र, शोधनिबंधांची यादी, पाच पानांचा संशोधन-आराखडा, अध्यापनाविषयी दोन पाने आणि तीन ते पाच शिफारसपत्रे लागतात. शिफारसपत्र देणाऱ्यांना किमान सहा आठवडे आधी कळवावे, आणि सोबत कोठे कोणत्या तारखेपर्यंत पत्र जायला हवे याचा एकच तक्ता द्यावा. माझे एक पत्र मुदतीनंतर चार दिवसांनी पोहोचले होते, आणि ते मला सहा महिन्यांनी कळले. त्यात पत्र लिहिणाऱ्यांची चूक नव्हती, मी आठवणच केली नव्हती.

माझ्या आराखड्यातला दोष मात्र जास्त खोल होता. जाळीत मुद्दाम अव्यवस्था मिसळली, तर परस्परांशी क्रिया करणारे कण जागच्या जागी अडकून राहतात का, हा माझा प्रश्न होता. पॅरिसजवळील पालेझो आणि फ्लॉरेन्स येथील गटांनी २००८ मध्ये एकेकट्या वावरणाऱ्या अणूंचे असे अडकणे दाखवले होते, आणि परस्परक्रियेसह ते म्युनिकच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले होते. मी या सगळ्याचा सुरेख आढावा घेतला होता, पण माझे यंत्र तयार व्हायला चार वर्षे लागली तर मधल्या काळात मी काय करणार, याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. दोन्ही मुलाखतींत हाच प्रश्न आला आणि दोन्ही वेळा मी अडखळले. दुसऱ्या हंगामासाठी, म्हणजे २०१७ च्या शरद ऋतूत, मी आराखडा नव्याने लिहिला. त्यात पहिल्या दोन वर्षांत काय दिसेल, संघनन झाल्यावर जाळीशिवायही कोणते प्रयोग करता येतील आणि मुख्य प्रश्न त्यानंतर कसा हाताळायचा, हे उलगडून सांगितले. या वेळी ११ अर्जांतून चार मुलाखती आल्या. मुलाखतीचा दिवस सकाळी नऊला सुरू होऊन संध्याकाळी सातला संपतो. त्यात तासाभराचे व्याख्यान, स्लाइडशिवाय फळ्यावर मांडायचा पुढील संशोधनाचा आराखडा आणि आठ-दहा प्राध्यापकांशी अर्ध्या अर्ध्या तासाच्या भेटी असतात. फळ्यावरच्या सत्रात समिती मधेच थांबवून विचारत राहते. ते अडवणे नसते, मागे हटायला वाव आहे का हे पाहणे असते, हे उमगल्यावर माझी भीती बरीच कमी झाली.

मार्च २०१८ मध्ये एका ठिकाणाहून होकार आला. होकार आणि सही यांच्यामध्ये जे पाच आठवडे मिळतात, तेवढेच काही मागण्याचे दिवस असतात, आणि माझ्यासारखी भिडस्त माणसे नेमके तेथेच गप्प बसतात. प्रारंभिक निधी किती, एवढ्यावरच माझे लक्ष होते. एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी फोनवर तासभर खर्च करून मला खोलीबद्दल विचारायला लावले. तापमान अर्ध्या अंशात स्थिर राहील का, जमिनीला कंप किती, चुंबकीय क्षेत्र देणाऱ्या कॉइल थंड करायला पाण्याची स्वतंत्र व्यवस्था आहे का, वीज किती मिळेल, वर कोणाची प्रयोगशाळा आहे, हे सगळे त्यांनी लिहून घ्यायला सांगितले. मी ते विचारले आणि उत्तरे पत्रात नोंदवून घेतली. खोली ताब्यात देण्याची तारीख मात्र लिहून घेतली नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये मी रुजू झाले आणि खोली मे २०१९ मध्ये मिळाली. ते आठ महिने अध्यापनात आणि खरेदीच्या कागदांत गेले. तारीख लेखी असती, तर निदान विचारायला आधार असता.

खरेदीबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण याची कल्पना पीएच.डी.च्या काळात कोणीच देत नाही. ठरावीक रकमेच्या वरची प्रत्येक वस्तू निविदेतून किंवा तीन दरपत्रकांतून घ्यावी लागते. एखादी वस्तू एकच कंपनी बनवत असेल, तर तसे का, हे तांत्रिक कारणांसह दोन पानांत सिद्ध करावे लागते. माझी अशी पहिली तीन निवेदने परत आली, कारण मी त्यांत ‘हेच उत्तम आहे’ असे लिहिले होते. ‘रेषारुंदी इतकी, शक्ती इतकी, आणि हे दोन्ही एकत्र देणारे दुसरे उपकरण उपलब्ध नाही’ असे आकड्यांत लिहिल्यावर ती आठवड्यात मंजूर झाली. काही लेसर आणि प्रवर्धक परदेशातून येताना निर्यात-परवाना लागतो, आणि त्यासाठी उपकरणाचा अंतिम उपयोग काय, हे संस्थेच्या शिक्क्यासह कळवावे लागते. एका प्रवर्धकाचा असा कागद दोन टेबलांच्या मध्ये सात आठवडे पडून राहिला. तेव्हापासून दर सोमवारी सगळ्या प्रलंबित मागण्यांची यादी घेऊन मी खरेदी विभागात स्वतः जाऊ लागले. तेथील लोकांना आम्ही काय बनवत आहोत हे दाखवायला एकदा प्रयोगशाळेतही बोलावले. त्यानंतर काही अडले की तेच मला फोन करत. प्रारंभिक निधीपैकी सुमारे ४० टक्के लेसर आणि प्रवर्धकांवर, पाचवा हिस्सा निर्वात कक्ष आणि पंपांवर गेला. आरसे, भिंगे, त्यांचे धारक आणि प्रकाश वाहून नेणारे तंतू यांचा खर्च मी अंदाजपत्रकात जेवढा धरला होता, त्याच्या दुप्पट झाला. हे आकडे प्रत्येक प्रयोगशाळेत बदलतील, पण छोट्या वस्तूंचा खर्च कमी धरला जाणे जवळपास सगळ्यांच्याच बाबतीत होते.

लेसर-सुरक्षेची मंजुरी वेगळी. दारावर दिवा, दार उघडताच शक्तिशाली लेसर बंद पाडणारी जोडणी, आणि प्रत्येक तरंगलांबीला साजेसे चष्मे, हे सगळे तपासून घेऊन परवाना मिळायला सहा आठवडे लागले. माझे रुबिडियमचे लेसर ७८० नॅनोमीटरचे, तर जाळीचे १०६४ नॅनोमीटरचे. दुसरा प्रकाश डोळ्याला अजिबात दिसत नाही आणि म्हणूनच जास्त धोकादायक असतो. या कागदांना कोणी कंटाळवाणे म्हणाले, तर मी त्यांना सावकाश पुन्हा वाचायला सांगते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये पहिला लेसर रुबिडियमच्या रेषेवर लॉक झाला, म्हणजे रुबिडियमचे अणू शोषतात त्या नेमक्या वारंवारतेवर स्थिर झाला. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे इमारत बंद झाली. आठवड्यातून एकदा, एकाच व्यक्तीला, अर्धा तास आत जाण्याची परवानगी होती. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी त्या चार महिन्यांत घरी बसून प्रयोगाचा नियंत्रण-प्रोग्रॅम लिहिला, आणि आजही तोच चालतो. याच काळात नव्या प्राध्यापकांना नेमणूक कायम करण्याआधीच्या मूल्यमापनासाठी एक वर्ष वाढवून मिळण्याची तरतूद झाली, पण तिच्यासाठी ठरावीक मुदतीत अर्ज करणे आवश्यक होते. अर्ज केला तर आपण कमी पडलो असे दिसेल, या भीतीने मी तो जवळजवळ केलाच नव्हता. शेवटच्या दिवशी केला. अशी वाढ मिळत असेल, तर निःसंकोच घ्यावी.

सप्टेंबर २०२० मध्ये निर्वात कक्ष जोडून झाला. अशा प्रयोगाला एका मिलिबारच्या शंभर अब्जाव्या भागाइतका कमी दाब लागतो, आणि तो मिळवायचा तर पोलादाच्या आत अडकलेले पाणी व हायड्रोजन काढण्यासाठी पूर्ण कक्ष ॲल्युमिनियमच्या पत्र्यात गुंडाळून दीड-दोनशे अंशांवर आठवडाभर किंवा त्याहून अधिक तापवावा लागतो. यालाच आम्ही बेकिंग म्हणतो. काचेच्या खिडक्यांना तडा जाऊ नये म्हणून तापमान तासाला काही अंशांनीच चढवायचे आणि तितक्याच सावकाश उतरवायचे असते. आमचे पहिले बेकिंग बारा दिवस चालले, आणि थंड झाल्यावर दाब हवा त्यापेक्षा शंभरपट जास्त निघाला. हेलियमची बारीक धार एकेका जोडावर फिरवत आणि मापकावर नजर ठेवत दोन दिवस गळती शोधली. एका जोडातल्या तांब्याच्या वॉशरवर नखाने काढावा तसा ओरखडा होता. तो वॉशर मीच बसवला होता. नवा वॉशर घालून पुन्हा बेकिंग केले. १९ नोव्हेंबरला हवा तो दाब मिळाला. तो ओरखडा पडलेला वॉशर मी टेबलावर ठेवला आहे. नवीन आलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो हातात देऊन त्याच्यावरून बोट फिरवायला सांगते, कारण केवढ्या खुणेने अडीच महिने जातात, हे डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर समजते.

यानंतरचा टप्पा चुंबक-प्रकाशीय सापळ्याचा. प्रयोगशाळेत त्याला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून मॉट म्हणतात. पुढे येणाऱ्या मॉट अवस्थेशी, म्हणजे नेव्हिल मॉट यांच्या नावाच्या अवस्थेशी, याचा काही संबंध नाही, हे नवख्यांनी लक्षात ठेवावे. सहा दिशांनी येणारे लेसरकिरण आणि मध्यभागी शून्य होणारे चुंबकीय क्षेत्र, एवढ्यावर हा सापळा चालतो आणि १९८७ पासून जगभर चालत आला आहे, त्यामुळे आमचाही दोन दिवसांत चालेल असे मला वाटले होते. दोन आठवडे कॅमेऱ्यात काहीच दिसले नाही. किरण पुन्हा जुळवले, वारंवारता तपासली, ध्रुवीकरण तपासले. शेवटी एका विद्यार्थिनीने होकायंत्र कॉइलजवळ धरले, आणि दोन्ही कॉइलींतला प्रवाह एकाच दिशेने वाहत असल्याचे कळले. तो एकमेकांविरुद्ध वाहायला हवा. एका कॉइलच्या तारा उलट जोडल्या, आणि २२ जानेवारी २०२१ रोजी दुपारी चारच्या सुमारास पडद्यावर, जेथे दोन आठवडे फक्त खिडकीच्या कडांचे प्रतिबिंब दिसत होते, तेथे मधोमध एक पांढरा ठिपका उमटला आणि दोन सेकंदांत वाटाण्याएवढा झाला. एका किरणासमोर हात धरला की तो नाहीसा होई, हात काढला की पुन्हा भरून येई. आम्ही तिघांनी आळीपाळीने हात धरून पाहिला.

लेसरने होणाऱ्या या थंडीला रुबिडियमसाठी सुमारे १४६ मायक्रोकेल्विनची (मायक्रोकेल्विन म्हणजे केल्विनचा दहा लाखावा भाग) एक साधी सैद्धांतिक मर्यादा आहे. विल्यम फिलिप्स यांच्या गटाला १९८८ मध्ये सोडियमचे अणू अशा मर्यादेच्या बरेच खाली गेलेले आढळले, तेव्हा त्यांनी मापनाच्या निरनिराळ्या पद्धती वापरून खात्री करून घेतली होती. एप्रिलमध्ये आमच्या अणूंचे तापमान २५ मायक्रोकेल्विन आले, तेव्हा मीही दोन पद्धतींनी मोजायला लावले. जे मापन आपल्याला हवे तसे येते, त्यावर जास्त शंका घ्यावी, ही सवय या क्षेत्रातील जुन्या लोकांकडूनच मिळाली आहे.

बाष्पीभवनाचा टप्पा मात्र सर्वांत कठीण गेला. सापळ्यातले सर्वांत चपळ अणू बाहेर जाऊ द्यायचे, उरलेल्यांना आपसात टक्कर घेत नव्याने समतोलावर येऊ द्यायचे, आणि असे वीसेक सेकंद करत राहायचे, ही कल्पना सोपी आहे. आमचे अणू दोन मायक्रोकेल्विनपर्यंत जात आणि तेथे संपून जात. सापळ्यात त्यांचे आयुष्य नऊ सेकंद होते, आमच्या निर्वातात ते मिनिटाच्या आसपास असायला हवे होते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत आम्ही चुंबकाचा विद्युतपुरवठा बदलला, दाब पुन्हा मोजला, नियंत्रण-प्रोग्रॅममधल्या वेळा शेकडो प्रकारे बदलून पाहिल्या.

आणि नेमक्या याच ऑक्टोबरमध्ये माझे मध्यावधी मूल्यमापन झाले. नियमाप्रमाणे मला गेल्या तीन वर्षांतले शोधनिबंध, निधी, अध्यापन आणि मार्गदर्शन यांचा अहवाल द्यायचा होता. नव्या प्रयोगशाळेतून निघालेला एकही शोधनिबंध नव्हता. निधीसाठीचा पहिला प्रस्ताव नाकारला गेला होता, दुसरा जेमतेम मंजूर झाला होता. समितीच्या लेखी अभिप्रायात ‘प्रगती अपेक्षेपेक्षा संथ’ असे शब्द होते. ते वाचून मी दोन दिवस कोणाशी नीट बोलू शकले नाही. आज शांतपणे पाहता त्यातला दोष मला दिसतो. मी अहवालात यंत्राबद्दल ‘उभारणी सुरू आहे’ एवढेच लिहिले होते. ज्या व्यक्तीने कधी असे यंत्र उभारलेले नाही, तिला या तीन शब्दांतून काहीच कळत नाही. विभागप्रमुखांच्या सूचनेवरून मी पुरवणी अहवाल दिला. त्यात टप्प्यांच्या तारखा, प्रत्येक टप्प्यावर मोजलेला दाब, अणूंची संख्या आणि तापमान, उशीर कोठे आणि का झाला, हे सगळे होते. अंतिम मूल्यमापनात हाच पुरवणी अहवाल बाहेरच्या परीक्षकांकडे गेला. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की पहिल्या दिवसापासून अशी नोंद ठेवा, आणि मधल्या काळात एखादा तांत्रिक निबंध किंवा सैद्धांतिक सहकार्य हाती ठेवा. आमचा लेसर-स्थिरीकरणावरचा छोटा निबंध २०२२ च्या वसंतात छापून आला. तो फार मोठा नव्हता, पण त्यामुळे पहिल्या विद्यार्थ्याला आपले काम छापील पाहायला मिळाले.

अणू कोठे संपत होते, ते अखेर नोव्हेंबरमध्ये सापडले. प्रकाश बंद करण्याचे काम ध्वनिलहरींवर चालणारे नियंत्रक करत होते, आणि ते बंद असतानाही अगदी क्षीण प्रकाश तंतूतून कक्षात झिरपत होता. त्यांच्या मागे यांत्रिक झडप होती, पण ती काही मिलिमीटर सरकली होती आणि किरणाची कड तिच्या शेजारून जात होती. पोस्टडॉकने सापळा सुरू असताना तंतूच्या तोंडावर काळा पुठ्ठा धरला, आणि अणूंचे आयुष्य नवावरून ४८ सेकंदांवर गेले. पाच महिने शोधलेली गोष्ट एका पुठ्ठ्याने सापडली. अणू अनाकलनीयपणे नाहीसे होत असतील, तर सर्वांत आधी प्रत्येक किरण हाताने अडवून पाहा. नियंत्रण-प्रोग्रॅमवर विसंबू नका.

९ डिसेंबर २०२१ च्या पहाटे दोन चाळीसला आम्ही चित्र घेतले. सापळा बंद केल्यावर अणू २० मिलिसेकंदांत सुमारे दोन मिलिमीटर खाली पडतात आणि पसरतात, तेव्हा त्यांची सावली कॅमेऱ्यात टिपायची असते. उष्ण अणूंचा ढग गोल पसरतो. त्या चित्रात गोल, फिकट ढगाच्या मध्यभागी एक दाट, अरुंद, उभा लंबगोल होता. सापळ्यात अणू आडवे लांबट असतात, आणि संघनन असेल तर पसरताना तो आकार उलटून उभा होतो. शेवटच्या पायरीची शक्ती थोडी वाढवली की लंबगोल विरघळे, कमी केली की परत येई. आम्ही अशी साठ चित्रे घेतली. मग मी दिवा लावला, वहीत तारीख आणि वेळ लिहिली, आणि खोलीतल्या चौघांनीही तिच्याखाली सही केली. त्या रात्री घरी जाताना, सव्वीस वर्षांपूर्वी हेच पहिल्यांदा पाहणाऱ्यांना काय वाटले असेल, याचा विचार मनात येत राहिला. त्यांना तर असे काही दिसेल की नाही, याचीही खात्री नव्हती.

प्रकाशाच्या जाळीचे काम त्या मानाने सरळ गेले. १०६४ नॅनोमीटरचा किरण आरशावरून परत पाठवला की ५३२ नॅनोमीटर अंतरावर खळगे तयार होतात. जाळी काही मायक्रोसेकंदांपुरती चमकवायची आणि किती अणू बाजूला फेकले जातात ते मोजायचे, यावरून तिची खोली कळते. आमच्या तिन्ही दिशांच्या जाळ्या जुळवायला २०२२ चे बहुतेक वर्ष गेले. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी आम्ही म्युनिकच्या गटाने २००२ मध्ये प्रथम दाखवलेला प्रयोग करून पाहिला. जाळी उथळ असताना अणू सगळीकडे एकाच लयीत पसरलेले असतात, म्हणून सावलीत टोकदार शिखरांची नक्षी दिसते. जाळी सुमारे १३ रिकॉइल ऊर्जेच्या (एका प्रकाशकणाच्या धक्क्याने अणूला मिळते ती रिकॉइल ऊर्जा) पलीकडे खोल केली की प्रत्येक खळग्यात ठरावीक संख्येने अणू अडकतात, लय मोडते आणि नक्षी पुसली जाते. ही मॉट अवस्था. नक्षी पुसली जाणे एवढा पुरावा पुरत नाही, कारण अणू नुसते तापले तरी ती पुसली जाते. जाळी पुन्हा उथळ करून नक्षी परत येते का, हे पाहायचे. आमची परत आली, पहिल्या वेळी अंधूक आणि मार्चअखेर स्पष्ट. त्यानंतर अव्यवस्था मिसळण्यासाठी दुसऱ्या तरंगलांबीची जाळी तिच्यावर टाकून, २०१६ मध्ये अर्जात लिहिलेला प्रश्न आम्ही प्रथमच अणूंना विचारू शकलो.

शोधनिबंध ऑगस्ट २०२३ मध्ये पाठवला. एका परीक्षकाने दोन पानांत कौतुक केले, दुसऱ्याने अकरा आक्षेप घेतले. त्यांतले चार अगदी योग्य होते आणि त्यांच्यासाठी तीन महिने नवी मापने घ्यावी लागली. आक्षेप आल्यावर आठवडाभर उत्तर लिहू नये, आणि प्रत्येक आक्षेप त्याच्याच शब्दांत उतरवून त्याखाली उत्तर द्यावे, हे मी पोस्टडॉकच्या काळात शिकले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये निबंध स्वीकारला गेला. दरम्यान सप्टेंबरात अंतिम मूल्यमापनाची फाइल गेली होती, आणि तिच्यात हा निबंध ‘परीक्षणाधीन’ असाच नोंदला होता. स्वीकृतीचे पत्र आले त्याच दिवशी मी ते कार्यालयात देऊन पोच घेतली, कारण फाइलमध्ये नंतर आलेला कागद आपोआप जोडला जाईल असे गृहीत धरू नये. सात बाहेरच्या परीक्षकांची पत्रे, विभागाचे मतदान, विद्याशाखेची समिती आणि शेवटी कुलगुरूंची सही, यात नऊ महिने गेले. या नऊ महिन्यांत काहीही कळत नाही आणि विचारताही येत नाही. मी त्या काळात दररोज सकाळी आल्यावर निर्वात टिकवणाऱ्या आयन-पंपाचा आकडा वहीत उतरवत असे, कारण तेवढी एक गोष्ट रोज निश्चितपणे कळत होती.

पत्र आले त्या दिवशी दुपारी आम्ही पुढच्या कामाची बैठक घेतली. हार्वर्डच्या गटाने २००९ मध्ये दाखवल्याप्रमाणे जाळीतला एकेक अणू पाहायचा, तर अणूंच्या अगदी जवळ मोठे वस्तुभिंग बसवावे लागते, आणि आमच्या कक्षात त्यासाठी जागा नाही. म्हणजे साडेतीन वर्षे जपलेला निर्वात मोडून कक्ष उघडायचा, नवी खिडकी लावायची आणि पुन्हा बेकिंग करायचे. तांब्याचे नवे वॉशर मागवले आहेत. ते बसवण्याचे काम या वेळी नवी विद्यार्थिनी करणार आहे, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात हीटर सुरू होतील.